तीन राजांच्या दिवशीचं चीज

लिओन्झ ग्रेटनरशी लग्न करू नकोस, असं मला माझ्या थोरल्या भावानं बजावलं होतं. मेल्कदादाचं म्हणणं, चीजवाल्याच्या बायकोचे हात जन्मभर मिठाच्या पाण्यात आणि घरात कायम आंबूस वास. या दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पण ज्याबद्दल त्यानं मला सावध करायला हवं होतं ते तो बोललाच नाही. खरं बोलायची खोड लागलेल्या माणसाबरोबर संसार करणं काय असतं, ते करून बघा आणि मग मला हसा.

आमचं नीडरमॅट तळ्यापासून चढावर आहे. घरं मोजकी, गोठे त्याहून मोजके, पण गवत असं की झुग शहराच्या बाजारात लोक आमच्या गायी लांबूनच ओळखायचे. मी गावातल्या गावातच लग्न करून चीजघरात आले तेव्हा सगळ्या गोठ्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ लिओन्झच्या चीजघरात यायचं आणि एकाच तांब्याच्या हंड्यात पडायचं. आमचे पाद्रीबाबा त्या हंड्यात उभे राहिले असते तर बाहेर फक्त त्यांची टोपी दिसली असती. चीज काढून झालं की उरलेलं दुधाचं पाणी, म्हणजे निवळी, घरोघरी परत जायची, तिच्यावर डुकरं पोसायची. बायकांना थोडं लोणी मिळायचं. कुणी श्रीमंत झालं नाही, पण कुणाच्या पोराच्या कॉफीत दूध नाही असंही झालं नाही.

लिओन्झ प्रत्येक कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचा. नुसतं हुंगायचा नाही, मिश्या दुधाला टेकतील इतका खाली वाकायचा. कुणाच्या गायीला सलगम घातलंय, कुणी कॅन घासायचा कंटाळा केलाय, हे तो तिथल्या तिथे सांगायचा. त्या नाकासाठी त्यानं तंबाखू सोडली, तपकीर तर कधी ओढलीच नाही. आमच्याकडे तपकीर न ओढणारा पुरुष म्हणजे दाढी नसलेला बोकड. दादा त्याला सगळ्यांसमोर म्हणायचा, "जावईबापू, तुमच्या नाकाला तेवढी एक वेगळी उशी शिवून घ्या."

"दादा, तुझ्या काळ्या गायीच्या डाव्या आचळाला काहीतरी झालंय," लिओन्झ म्हणायचा. "आज तिचं दूध वेगळं ठेव."

आणि दुसऱ्या दिवशी त्या आचळाला सूज यायची. मग दादा दोन दिवस गप्प. लिओन्झचं एक ठरलेलं वाक्य होतं: माणूस खोटं बोलेल, दूध बोलत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला ते फार आवडायचं.

मग नदीकाठी दुधाची फॅक्टरी आली. अमेरिकेतली कल्पना, अमेरिकन साहेब, इंग्लंडचं गिऱ्हाईक, आणि गायी तेवढ्या आमच्या. दूध घ्यायचं, त्यात साखर घालायची, हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात हलक्या आचेवर आटवायचं आणि डब्यात भरून वर झाकण झाळून टाकायचं. वर्षभर टिकतं म्हणे. पहिल्या वर्षी सगळं गाव हसलं. टाळूला चिकटणारं जुनं दूध पैसे देऊन कोण खाईल? जहाजावरचे खलाशी खात होते, सैनिक खात होते, लंडनमधल्या आया आपल्या तान्ह्यांना पाजत होत्या. हसणारे एकेक करून फॅक्टरीच्या रस्त्याला लागले. सगळ्यात आधी कोण गेलं असेल? माझा भाऊ.

दोष तरी काय द्यायचा? फॅक्टरी महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायची. चीजचे पैसे चीज पिकल्यावर, विकल्यावर, व्यापारी खूश असला तर. पण फॅक्टरीतून निवळी परत येत नव्हती. डुकरं कमी झाली. लोणी गेलं. थेंबन् थेंब दूध खाली जायला लागलं आणि वर आमच्या गावात पोरं काळी कॉफी प्यायला लागली. इंग्रजांची तान्ही आमच्या दुधावर गुबगुबीत होत होती आणि आमच्या पोरांच्या तोंडाला बटाटा. हे मी दादाच्या तोंडावर म्हटलं तर तो म्हणाला, "आगाथा, तुझ्या नवऱ्याचा हंडा रिकामा झालाय म्हणून तुझं पोट दुखतंय." दुखत होतंच. खोटं कशाला सांगू?

दर वर्षी नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला आमच्याकडे खंड, करार, नोकरमाणसं, सगळं ठरतं. त्या दिवशी लिओन्झ चांगला सदरा घालून घरोघरी जायचा आणि विचारायचा, यंदा दूध हंड्यात घालता का. लोक त्याला बसवायचे, चेरीची दारू द्यायचे, पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. तो घरी येऊन हंडा घासायचा. चर्चमधली भांडी घासावीत तसा तो रिकामा हंडा राख आणि सिरक्यानं लख्ख करून ठेवायचा. मी एकदा त्यात डुकरांचे बटाटे शिजवले तर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. नंतर स्वतःच म्हणाला, "शिजव. निदान तांबं गरम तरी राहील."

शेवटी एका मार्टिनच्या सणाला फॅक्टरीनंच त्याला बोलावलं. त्यांचा दूध उतरवून घेणारा माणूस म्हातारा झाला होता, आणि लिओन्झच्या नाकाची कीर्ती खालपर्यंत पोचली होती. ज्यांनी हंडा थंड केला त्यांच्याच दारात उभं राहून हुंगायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यानं ती नोकरी धरली. त्याला फॅक्टरीकडून एक कोट मिळाला, जाड करड्या लोकरीचा, पितळी बटणांचा. आमच्या घरात तेवढं चांगलं कापड त्याआधी कधी आलं नव्हतं. चीजघरात तो रोज धुतलेला सुती सदरा घालायचा, वर काही नाही. आता थंडी सुरू झाल्यापासून तो कोट त्याच्या अंगावरून उतरेना.

आता धुपाटण्याचं सांगते, कारण सगळी माती तिथे खाल्ली.

जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, गोठ्यांना धुरी द्यायची असते. उन्हाळ्यात, मेरीमातेच्या सणाला, चर्चमध्ये मंत्रून आणलेल्या पाल्याची जुडी वाळवून ठेवायची, आणि त्या संध्याकाळी निखाऱ्यांवर तो पाला आणि चर्चमधला ऊद टाकून धूर घरभर आणि गोठाभर फिरवायचा. गायीला काही बाधत नाही, गाय गाभ टाकत नाही. इतर गावांत ज्याचा त्याचा कारभारी ज्याचं त्याचं धुपाटणं फिरवतो. आमच्या गावात मात्र सगळ्यांचं दूध एका हंड्यात पडायचं, म्हणून सगळ्या गोठ्यांत एकच धुपाटणं फिरायचं, चीजवाल्याचं. हंडा थंड झाला तरी हे चालूच राहिलं. दूध फॅक्टरीला, धूर मात्र लिओन्झचा.

फॅक्टरीचे नियम दारादारावर लावले होते. कास धुवा, सलगम घालू नका, आंबलेला चारा नको, संध्याकाळचं दूध झऱ्याच्या पाण्यात ठेवा, गोठ्यात तंबाखू किंवा कसलाही धूर नको. म्हातारा दूधवाला असताना कुणाला काही कळलं नव्हतं. आता नाक लिओन्झचं होतं.

"जाऊ नकोस या वर्षी," मी त्याला म्हटलं. "तूच धूर करणार आणि उद्या तूच हुंगणार."

"गायींचा काय दोष?" तो म्हणाला आणि कोटाची बटणं लावायला लागला. "धारा काढून होऊ दे. कॅन आधी बाहेर झऱ्यात जातील, मग मी धुपाटणं आत नेईन. सकाळी दारं उघडून गोठा मोकळा करायचा आणि मगच धारा."

प्रत्येक गोठ्यात त्यानं हेच सांगितलं. दादाच्या गोठ्यात मीही होते. दादा म्हणाला, "बरं बाबा, कॅन बाहेर. अजून काही? गायींना मोजे घालू?" लिओन्झ निखाऱ्यांवर वाकून फुंकर घालत होता. हवा कोंदट, धूर वर जाईना, त्याच्याभोवतीच घोटाळत होता. घरी आला तेव्हा डोळे लाल झाले होते, पण खुशीत होता. आमचं घरही धुरानं भरलेलं. सगळ्यांच्याच अंगाला तो वास. अशा दिवशी कुणी कुणाला हुंगत नाही.

सकाळी फॅक्टरीत काय झालं ते मला दादानंही सांगितलं आणि लिओन्झनंही. दोघांच्या सांगण्यात जुळतं तेवढंच लिहिते.

दूध उतरवायच्या खोलीत रिकामे कॅन वाफेनं धुतात, त्यामुळे थंडीत तिथे सगळं ओलं. आमच्या गावच्या गाड्या आल्या. लिओन्झनं पहिलं झाकण उघडलं, वाकला, आणि तसाच वाकून राहिला. दुसरं उघडलं. तिसरं. मुकादम एग्ली शेजारी उभे होते, ते झुरिककडचे, प्रॉटेस्टंट, त्यांना धुरीबिरी काही माहीत नाही. लिओन्झनं त्यांना जवळ बोलावलं. दोघं एका कॅनवर वाकले.

"धूर येतोय," मुकादम म्हणाले. "चर्चसारखा."

"सगळ्यांत येतोय," लिओन्झ म्हणाला. त्यानं दादाकडे बघून विचारलं, "कॅन आत होते ना?"

"बाहेर होते. झऱ्यात."

"दादा, खरं सांग."

"अरे, बाहेर होते म्हणतोय ना. ह्या सगळ्यांना विचार."

सगळे म्हणाले, आमचेही बाहेरच होते. सकाळी दारंही उघडली होती. लिओन्झनं परत एकदा वास घेतला, आणि आमच्या सगळ्या गावासमोर, प्रॉटेस्टंट मुकादमासमोर, सणाच्या दिवशी ते वाक्य बोलला. "माणूस खोटं बोलेल, दूध बोलत नाही." आणि गावचं सगळं दूध परत पाठवलं.

मला अजून राग येतो. खोटारडे म्हणायला दुसरा दिवस नव्हता?

गाड्या चढावर परत आल्या. सणाचा दिवस, दुधाचं करायचं काय? दादा म्हणाला डुकरांना ओता. तेवढ्यात लिओन्झ मागून पळत आला, धापा टाकत. त्याची पाळी संपली होती. "ओतू नका," तो म्हणाला. "हंड्यात घाला. धुराचं तर धुराचं, चीज तर होईल." दुधाला वाया जाताना बघणं त्याला जमायचंच नाही. लोकांनी रागारागानं कॅन हंड्यात उपडे केले आणि निघून गेले. त्यानं कोट खुंटीला टांगला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि हंड्याखाली जाळ केला.

किती वर्षांनी मी त्याला तसा बघत होते. कोपरापर्यंत हात घालून तो दुधाची ऊब बघत होता, दूध धरायला वासराच्या जठराचं पाणी टाकत होता, दही धरलेल्या दुधात तारांचा झारा फिरवत होता आणि गात होता. तोंड वाकडं करून, कपाळाला आठ्या घालून चीज केलं असतं तर काही बिघडलं असतं का? पण तो मूर्ख माणूस गात होता, आणि चीजघराची खिडकी रस्त्यावर. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं. कुंपणानंच शेत खाल्लं. हंड्यासाठी दूध मिळत नव्हतं, म्हणून नाकाचं निमित्त करून मिळवलं.

फॅक्टरीतही तेच पोचलं. मुकादमांनी त्याला विचारलं, "परत पाठवलेल्या दुधाचं तुम्ही चीज केलंत का?"

"केलं."

"त्याच दिवशी?"

"दूध दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, साहेब."

मुकादम भले होते, त्यांनी आरडाओरडा केला नाही. पण दूध नाकारणाराच ते दूध घरी नेतो, हे कोण चालवून घेईल? मीही घेतलं नसतं. नोकरी गेली. कोट परत द्यायला गेला तर म्हणाले, राहू दे. लिओन्झनं तो घरी आणून पेटीत टाकला आणि पेटीवर बटाट्यांचं पोतं ठेवलं. ती लाज त्याला अंगावर घालायची नव्हती.

रविवारी चर्चच्या बाहेर दादानं त्याला गाठलं. आजूबाजूला सगळं गाव.

"काय जावईबापू, कसं जमलंय चीज? आमच्या दुधाचं?"

"चीज जमलंय," लिओन्झ म्हणाला. "त्यात धूर आहे. तो जाणार नाही. पिकेल तसा वाढेल. मेरीमातेच्या सणाला तुमच्यासमोर कापतो. धूर लागला तर तुम्ही खोटं बोललात, नाही लागला तर मी."

"आणि तोवर?"

"तोवर मी सुरी लावणार नाही."

असं त्यानं स्वतःच्या गळ्यात दावं बांधून घेतलं. चीजच्या त्या गोल चाकात दोघांपैकी कुणाची तरी अब्रू पिकत होती, माझ्या नवऱ्याची किंवा माझ्या माहेरची, आणि मी मधे.

चीजवाल्याकडे एक पोकळ सळी असते. ती चाकात खुपसून छोटा तुकडा काढायचा, चाखायचा आणि भोक परत बुजवायचं. कुणाला कळतही नाही. मी त्याला म्हटलं, बघ तरी. तो म्हणाला, उघडायचं तर सगळ्यांसमोर. रोज तळघरात जाऊन तो ते चाक मिठाच्या पाण्यानं पुसायचा, उलटायचा, थोपटून कान लावायचा. आणि सालीला नाक लावून बसायचा. वर आला की मी विचारायचे, "काय?" तो म्हणायचा, "सालीवरून कळत नाही." आपलं चीज बिघडलेलं निघू दे म्हणून देवाची प्रार्थना करणारा चीजवाला मी तरी दुसरा पाहिला नाही. आवाज ऐकून मला कळत होतं, ते चाक फार छान पिकत होतं. त्यालाही कळत होतं. त्यामुळेच त्याची झोप उडाली होती.

त्या काळात आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. लिओन्झ दुसऱ्यांच्या चेरीच्या झाडांवर मजुरीनं चढायचा. दादाच्या घरी मला बोलावणं असायचं, एकटीला. मी गेले नाही. नवऱ्यावर माझा राग होताच, पण तो मी घरातल्या घरात काढत होते.

मेरीमातेच्या सणाला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सणाची उपासना, झाली, पाद्रीबाबांनी पाल्याच्या नव्या जुड्यांवर पाणी शिंपडलं, आणि सगळं गाव हातात जुड्या घेऊन चीजघरासमोर जमलं. लिओन्झनं चाक टेबलावर आणलं. दादा आणि तो तार धरून समोरासमोर उभे राहिले आणि चाक मधोमध कापलं. आतून लोण्यासारखं पिवळं, डोळे, म्हणजे भोकं, सारखे, एक भेग नाही.

सगळ्यांनी तुकडे घेतले. नुसती तोंडं हलत होती. व्हेरेना आजी गावात सगळ्यात म्हातारी, लिओन्झचा तिला फार लळा. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आहे बाई धूर. थोडासा आहे. मागाहून लागतो."

मी लगेच म्हटलं, "हो, मलाही लागला." खोटं होतं. इतकं निर्मळ चीज मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. पण दोघी-चौघी बायका माना हलवायला लागल्या. "हो, जरासा आहे खरा." एक-दोन पुरुषही साशंक झाले. दादानं दुसरा तुकडा तोंडात घातला आणि त्याच्याही कपाळाला आठी पडली. माणूस शोधायला लागला की त्याला सापडतंच. तेवढ्यावर निभावलं असतं. लिओन्झनं फक्त गप्प बसायचं होतं.

त्यानं आपला तुकडा चावला, गिळला, तोंडावरून हात फिरवला.

"धूर नाही," तो म्हणाला. "आजी, नाहीये. चीज स्वच्छ आहे. दादा, कॅन बाहेरच होते. तुम्ही सगळे खरं बोलत होता."

मला त्या क्षणी त्याच्या डोक्यात हंडा घालावासा वाटला.

"म्हणजे तू खोटं बोललास," दादा म्हणाला.

"चुकलो. खोटं नाही बोललो. मला वास आला होता."

"नसलेला वास?"

लिओन्झ तार पुसायला लागला. लोकांनी मात्र चीज सालीपर्यंत संपवलं, वा वा म्हणत. पुढच्या मार्टिनच्या सणाला त्याच लोकांनी फॅक्टरीशी परत करार केले, तेही इथेच सांगून टाकते.

घरी येऊन तो चुलीपाशी बसला. तांब्याच्या हंड्यात डुकरांचे बटाटे रटरटत होते.

"मग मला वास आला कुठून?" तो म्हणाला. "मुकादमांनाही आला. त्या दिवशी मी काय खाल्लं होतं?"

"कॉफी. काळी."

"हाताला काही होतं?"

"हात तू खरवडून धुतलेस. मीच पाणी ओतलं."

"मग घातलं काय होतं?"

"काय घालणार? कोट. आदल्या दिवसापासून अंगावरच होता की."

त्यानं उठून पोतं बाजूला केलं आणि पेटी उघडली. कोट बाहेर काढून नाकाला लावला, मग तसाच चुलीपाशी आणून हंड्यातून निघणाऱ्या वाफेवर धरला. लोकर ओलावली तशी खोलीत तीन राजांची संध्याकाळ भरून राहिली. ऊद, पाला, निखारे, सगळं. प्रत्येक गोठ्याचा धूर त्या कोटानं पिऊन ठेवला होता. फॅक्टरीतल्या वाफेत तो माझा नवरा एकेका कॅनवर वाकत होता आणि स्वतःलाच हुंगत होता.

तो धावतच दादाकडे गेला, मी मागोमाग. दादा ओसरीवर पाईप ओढत होता. लिओन्झनं सगळं सांगितलं आणि कोट पुढे केला. "हुंग."

दादानं हुंगलं. मग कोटाकडे पाहिलं, मग लिओन्झकडे.

"सकाळी चर्चमधून नवी जुडी आणलीस," तो म्हणाला, "आणि संध्याकाळी कोटाला धुरी दिलीस. वा, जावईबापू."

लिओन्झनं कोटाची घडी घातली. मीच काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आईबापांना स्वर्गातून ऐकू गेलं असेल. पण रागावून काय होतं? खऱ्याला साक्षीदार लागतो, आणि त्याची साक्षीदार त्याची बायको आणि एक कोट.

त्या शरद ऋतूत दादाच्या काळ्या गायीनं गाभ टाकला. पाठोपाठ दुसरीनं. गावात कुजबुज सुरू झाली, धुपाटणं फिरवणाऱ्याला चोर ठरवलंत, आता भोगा. तीन राजांच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. दादा उभा होता, टोपी हातात.

"येतोस ना?" तो म्हणाला. माफी नाही, काही नाही.

लिओन्झनं धुपाटणं खाली काढलं, निखारे भरले. मग अंगावरचा कोट काढला आणि खुंटीला टांगला. आता तो कोट तो रोज घालायचा. धूर दुधात नाही, कोटात होता हे कळल्यापासून त्या कोटाची लाज संपली होती. नुसत्या सदऱ्यावर तो बाहेर निघाला. बाहेर बर्फ असा गोठलेला की पायाखाली वाजत होता.

"अरे, कोट घाल," दादा म्हणाला. "मरशील."

"सकाळी दूध जायचंय तुझं."

"तू कुठे आता फॅक्टरीत आहेस? तुला काय करायचंय?"

लिओन्झ चालायला लागला. मी कोट घेऊन मागून गेले, त्यानं घेतला नाही. गोठ्याच्या दारात दादानं त्याला थांबवलं. कॅन झऱ्यात ठेवलेले होते, गळ्यापर्यंत पाण्यात. दादा त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. मग वाकून एका कॅनचं झाकण काढलं.

"आत जायच्या आधी बघून घे," तो म्हणाला.

लिओन्झनं धुपाटणं माझ्या हातात दिलं, लांब धर म्हणाला. थंडीनं त्याचे दात वाजत होते. तो वाकला, मिश्या दुधाला टेकेपर्यंत. दादानं दुसरं झाकण काढलं, मग तिसरं, एकेक करून सगळी.

"स्वच्छ आहे," लिओन्झ म्हणाला.

"ठीक," दादा म्हणाला आणि झाकणं लावायला लागला.

त्यानंतर दर वर्षी तसंच. दादा झाकणं काढायचा, हा हुंगायचा, आणि मग सदऱ्यावरच सगळे गोठे फिरायचा. त्या दुधाला पुढे कुणी नाकसुद्धा लावत नव्हतं, फॅक्टरीत नवा दूधवाला तपकीर ओढणारा होता. हे मी लिओन्झला दर वर्षी सांगितलं. दर वर्षी त्यानं कोट खुंटीला टांगला, आणि नंतरचे दोन आठवडे त्याचा खोकला मी ऐकला.